नारदाच्या गादीवर तहान लागली तर

सप्ताहात गायला लागून मला दुसरंच वर्ष होतं. बीड जिल्ह्यातलं गाव, वैशाख महिना, रात्री नऊचं कीर्तन. गावात लघवीची धड सोय दिसली नाही म्हणून मी दुपारी तीननंतर पाण्याला तोंडच लावलं नाही. दोन तास उभं राहायचं, मध्येच लागली तर काय करायचं, एवढाच घोर. साडेदहाच्या सुमाराला महाराजांनी चाल वर नेली, मी तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, गेलो आणि आवाज चिरला. तेवढ्यावर भागलं असतं, पण पावली घेताना, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर नाचताना, पोटरीत असा गोळा आला की टाळ हातात धरून खालीच बसलो. लोकांना वाटलं, गडी भावात गेला. दोन म्हाताऱ्या पाया पडून गेल्या.

कीर्तन झाल्यावर आमच्या जोडीचे म्हातारे मृदंगाचार्य मंडपामागं पाय दाबत बसले होते. म्हणाले, "लेकरा, बैलाला पाणी औताला जुंपायच्या अगुदर पाजतेत. नांगरटीच्या तासात नाही."

गाणाऱ्यानं पाणी केव्हा, किती आणि कसं प्यावं, हे पुढं लिहिलंय ते त्या एका वाक्याचाच विस्तार आहे. मी गायनाचार्य, म्हणजे कीर्तनात टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहून चाली धरणारा. त्यामुळं उदाहरणं कीर्तन-भजनाची जास्त येतील. पण एप्रिलभर भीमगीतांचे कार्यक्रम करणारी मंडळी, गोंधळी, ऑर्केस्ट्रावाले आणि उरुसात गाणारे कव्वाल यांनाही हेच ऊन आणि हीच धूळ. त्यांनी आपापल्या सोयीनं घ्यावं.

पाणी स्वरतंतूंना लागतच नाही

हे आधी डोक्यात पक्कं बसवा. गिळलेलं पाणी अन्ननलिकेत जातं. स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी, आणि गिळताना त्या वाटेवर झाकण पडतं. एखादा थेंब चुकून तिकडं गेला की ठसका लागतो, तो त्यासाठीच. म्हणजे स्टेजवर घेतलेला घोट तोंड ओलं करतो, घसा मऊ झाल्यासारखा वाटतो, पण स्वरतंतूंपर्यंत ओल पोचते ती पोटातून रक्तात आणि रक्तातून तिथं. त्याला काही तास जातात.

आणि ओल लागते खरी. नुसतं बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आदळतात, बाईचे दोनशेच्या आसपास. एक सप्तक वर गेलं की हा आकडा दुप्पट. कोरड्या पृष्ठभागावर एवढी घासाघीस चालली तर काय होईल, हे कोरड्या बेअरिंगवर चाक फिरवून बघितलेल्याला सांगायला नको.

आपल्याकडची हवा यात भर घालते. कोकणात घाम अंगावर राहतो, कळतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात हवा एवढी कोरडी की घाम आला तसा उडून जातो. सदऱ्यावर फक्त पांढरी रेघ उरते. ती रेघ म्हणजे मीठ. मी एकदा मोंढ्यातल्या ओळखीच्या आडत्याच्या काट्यावर कीर्तनाआधी आणि नंतर वजन केलं होतं. आडतीच्या मुनिमाला वाटलं, बुवाचं डोकं फिरलं. वजन सव्वा किलोनं कमी भरलं. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी, असा हिशेब धरायचा.

सुपारी घेतानाच विचारा

मानधन, वेळ, साऊंड आणि गाडी आपण फोनवर विचारतो. पाचवी गोष्ट विचारा: लघवीची सोय कुठं आहे? मंडपापासून किती लांब, दाराला कडी आहे का, आत दिवा आहे का?

हे बायांसाठी तर पहिल्या नंबरला यावं. माझ्याबरोबर गाणाऱ्या कितीतरी जणी सकाळपासून पाणी टाळतात. गाता येईल की नाही यापेक्षा कुठं जाता येईल की नाही, ही चिंता मोठी असते. मग लघवीला जळजळ, वारंवार इन्फेक्शन आणि मुतखडे. आयोजकाला हे विचारायला लाज वाटत असेल तर संघातल्या पुरुषानं विचारावं. "बाया आहेत, त्यांच्यासाठी मंडपाजवळच्या एका घरात सोय करा," एवढं सांगितलं की गावात कुणी नाही म्हणत नाही. न सांगता कुणाच्या लक्षात मात्र येत नाही. सोय आहे हे माहीत असलं की माणूस निर्धास्त पाणी पितो. अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

दिवसाचा हिशेब

कार्यक्रम रात्री नऊला आहे असं धरतो. वेळ वेगळी असेल तर त्याप्रमाणं पुढं-मागं सरकवा.

उठल्यावर दोन पेले. मग संध्याकाळी सहापर्यंत दर तास-दीड तासाला एक पेला, अशा बेतानं उन्हाळ्यात सगळं मिळून अडीच ते तीन लिटर व्हावं. ताक, आंबील, वरणाचं पाणी आणि चहा यातच धरा. चहानं पाणी कमी होतं म्हणून तो मोजायचाच नाही, असं काही जण सांगतात. दोन-तीन कप चहानं तसं होत नाही. सप्ताहात अडचण वेगळीच असते. प्रत्येक घरी चहा, आणि नाही म्हटलं तर घरधनी नाराज. मी "अर्धा चहा, पण तांब्याभर पाणी द्या" म्हणतो. मान राहतो आणि पाणीही होतं.

दुपारी एकदा लघवीचा रंग बघा. फिक्या लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक. मोहरीच्या तेलासारखा गडद असेल तर रात्रीचा आवाज आताच गेलेला आहे, लगेच प्यायला लागा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंग उगीच पिवळा दिसतो, तेवढं ध्यानात ठेवा.

सात-सव्वासातला शेवटचा मोठा पेला. प्यायलेलं साधारण तास-दीड तासात बाहेर यायला लागतं, म्हणून साडेआठला, लागलेली असो वा नसो, जाऊन या. पावणेनऊला अर्धा कप, बस्स. राहिलेली कसर काढायला आठ वाजता दीड लिटर ढोसणं हा सगळ्यात वाईट प्रकार. त्यातलं निम्मं दहा वाजता मूत्राशयात असतं आणि पोट डुचमळल्यामुळं दमही पुरत नाही.

जेवणाचं एक. पंगत संध्याकाळी असेल तर गाण्याआधी दोन तास तरी उरकून घ्या, आणि ठेचा उद्यावर ठेवा. जळजळ वर आली की घसा कोरडाच वाटतो, मग कितीही पाणी प्या.

सर्दीची गोळी खाऊन गायला उभं राहत असाल तर तीही लक्षात असू द्या. नाक सुकवणाऱ्या बऱ्याच गोळ्या घसाही सुकवतात. तंबाखूबद्दल काय बोलावं! ओठात बार धरलेल्या माणसाला पाणी प्यायचं तर आधी थुंकायला जावं लागतं, मग तो पाणीच पीत नाही.

भांडं कोणतं

पारंपरिक तांब्या-फुलपात्र दिसायला उत्तम. नारदाच्या गादीशेजारी, म्हणजे कीर्तनकार उभा राहतो त्या जागेशेजारी, ते शोभतं, कुणाला खटकत नाही. पण कीर्तनकार एका जागी उभा असतो म्हणून ते जमतं. टाळकऱ्यांच्या रांगेत तांब्या म्हणजे संकट. एका गावात गजर रंगात आला आणि कुणाच्या तरी पायानं तांब्या कलंडला. पाणी सतरंजीखालून थेट माइकच्या वायरीपर्यंत गेलं. खर्र आवाज आला आणि साऊंड बंद. शिव्या मात्र साऊंडवाल्यानं खाल्ल्या.

पातळ प्लास्टिकची बाटली दाबली की कडकडते आणि माइक जवळ असेल तर तो आवाज चारी भोंग्यांतून जातो. वर हल्ली समोर पन्नास मोबाईल असतात. अभंगाच्या ऐन चरणाला तुमच्या हातात कंपनीची बाटली, असा व्हिडिओ गावभर फिरतो. प्लास्टिकचीच असेल तर जाड घ्या आणि वरचा कागद सोलून टाका.

मी वापरतो ती अर्ध्या लिटरची स्टीलची, अंगठ्यानं झाकण उघडणारी आणि आत नळी असलेली बाटली. नळीचा फायदा असा की मान वर करावी लागत नाही. स्टील टाळावर आपटून वाजू नये म्हणून तिला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून शिवून घेतलंय. पांढऱ्या फडक्यातली बाटली उपरण्याच्या गठुळ्यासारखी दिसते. लांबून ओळखूच येत नाही. बंदिस्त कार्यक्रमात तानपुऱ्यामागं ठेवायची असेल तर गडद रंगाची घ्या.

तांब्याच्या भांड्यात लिंबू सरबत किंवा ताक भरू नका. आंबट पदार्थ तांब्याला खातो आणि ते पोटाला बाधतं. साधं पाणी चालतं.

ठेवायचं कुठं

ज्या हाताला काम नाही त्या बाजूला, पायाच्या वाटेत नाही, आणि विजेच्या कुठल्याही वस्तूपेक्षा उंच नाही. एवढे तीन नियम. पेटीच्या फळीवर, कीबोर्डवर किंवा स्पीकरवर बाटली ठेवणारा माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. मंडपाचा खांब, मॉनिटरची (गाणाऱ्याकडं तोंड केलेल्या स्पीकरची) मागची बाजू, पेटीच्या खोक्याचा कोपरा या बऱ्या जागा. कार्यक्रमाआधी तिथं उभं राहून एकदा न बघता हात घालून बाटली उचलून बघा. शोधावी लागली की लोकांचं लक्ष गेलंच.

केव्हा प्यायचं

खरी कला इथं आहे. लपून पिण्याचा प्रयत्न केला की हमखास दिसतं. पाठ फिरवून, खाली वाकून, उपरण्याआड तोंड घालून पिणारा माणूस सगळ्या मंडपाला दिसतो. लोकांचे डोळे दुसरीकडं असताना सरळ उभं राहून प्यायलं तर कुणाला आठवतही नाही.

कीर्तनात लोकांचे डोळे कुठं असतात ते ठरलेलं आहे. महाराज निरूपण करत असताना सगळे त्यांच्याकडं बघतात, तेव्हा मागच्या रांगेनं प्यावं. टाळकरी चाल उचलतात, गजर सुरू होतो, मृदंग चढतो, तेव्हा डोळे टाळ-मृदंगाकडं जातात. ती वेळ कीर्तनकाराची. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे महाराजांनी एखादा विनोदी दृष्टांत दिला आणि मंडप हसला तो क्षण. सहा-सात सेकंद तुमचेच असतात. फक्त विनोद नवा असेल तर थांबा, कारण तुम्हालाही हसू आलं तर पाणी नाकातून येईल. जुन्या विनोदांवर प्या. आम्हाला महाराजांचे सगळे पाठ असतात.

विठ्ठलनामाचा गजर सुरू झाल्यावर पहिली दोन आवर्तनं सगळ्यांबरोबर गा. तिसऱ्याला मागच्या पायावर या, टाळ छातीशी धरा. आमच्या संघात ही खूण आहे: ज्यानं टाळ छातीशी धरला त्याची जागा शेजारच्यानं आवाज चढवून भरायची. त्या आवर्तनात घोट, पुढच्यात श्वास, त्याच्या पुढच्यात परत गाण्यात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा चढ्या लयीतही घोटाला पुरतात. घाई वाटत असेल तर घोट मोठा होतोय.

विणेकऱ्याचं मात्र अवघड. वीणा खाली ठेवता येत नाही. त्यानं पहारा बदलताना, दुसऱ्याच्या गळ्यात वीणा गेल्यावरच प्यावं आणि बदलीच्या माणसानं वेळेवर यावं.

भीमगीतांच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात दोन अंतऱ्यांमधला म्युझिक पीस ही तुमची जागा. पण अंतरा संपल्या-संपल्या बाटलीकडं धावू नका. आधी वादकाकडं हात करून त्याला दाद द्या, लोक तिकडं बघतात, मग प्या. कव्वालीत साथीदार ओळ उचलून धरतात आणि टाळी चालू राहते, तिथं मुख्य गायकाला वेळ मिळतो. गोंधळात नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, आणि त्याच्या जोडीदाराचा संवाद असतो. जोडीदार उलटसुलट प्रश्न विचारून लोकांना हसवत असताना नाईकानं उरकून घ्यावं. रात्रभराचा गोंधळ आणि शेजारी पेटती दिवटी, त्यामुळं त्यांना तर दर कथाभागाला पाणी हवंच. शास्त्रीय बैठकीत विलंबित ख्याल असेल तर समेवर आल्यावर पेटीवाल्याला थोडी जागा द्या. एकतालाचं एक आवर्तन अर्ध्या मिनिटाहून जास्त चालतं. त्यात पाणी काय, घामही पुसून होतो.

दर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा, तहान लागायची वाट न बघता. दोन तासांत सगळं मिळून तीन-चारशे मिलीच्या वर नको.

घोट कसा घ्यावा

माइकपासून दोन हात बाजूला व्हा किंवा माइकचं बटण बंद करा. कॉलर माइक असेल तर गिळल्याचा गटकन आवाजही बाहेर जातो, तेव्हा साऊंडवाल्याशी आधीच खूण ठरवा. साधारण मोठा चमचाभर पाणी तोंडात घ्या. हनुवटी किंचित खाली. पाणी जिभेवर सगळीकडं फिरू द्या, दोन सेकंद, मग गिळा. नाकानं श्वास सोडा, परत घ्या, आणि मग गा. गिळून लगेच तोंडानं श्वास ओढला की ठसका ठरलेला. मान मागं टाकून प्यायलं की धोका वाढतो, शिवाय गळ्याची घाटी वर-खाली होताना शेवटच्या रांगेलाही दिसते.

आत काय भरायचं

साधं पाणी, घरून आणलेलं. गावोगावच्या बोअरचं पाणी वेगवेगळं, कुठं खारट, कुठं जड, आणि सात दिवस सात गावांचं पाणी पोटाला मानवत नाही. जारचं बर्फगार पाणी माझ्या घशाला आखडवतं. काहींना काही होत नाही. स्वरतंतूंना ते लागत नाहीच, हे वर आलंय. पण ज्याला त्रास होतो त्यानं टाळावं. माठाचं बरं.

कार्यक्रम दोन तासांच्या वर असेल, किंवा दुपारी उन्हात असेल, तर बाटलीत मीठ-साखरेचं पाणी भरा. एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी वापरत असाल तर लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घाला, अंदाजानं अर्धी पेल्यात नको. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, त्याच्या किमतीवर जाऊ नका. बीपी आणि साखरेवाल्यांनी, तसंच किडनी किंवा हृदयाच्या रुग्णांनी हे आणि वरचा लिटरांचा हिशेब दोन्ही आपल्या डॉक्टरला विचारूनच पाळावेत.

सोड्यानं ढेकर येतो, अभंगाच्या मध्येच. दुधानं लाळ दाट वाटते. लवंगेनं घसा बधिर होतो आणि त्रास चाललाय हे कळतच नाही. पुदिन्याच्या गोळ्यांनी गार वाटतं, ओल येत नाही. ज्येष्ठमधाची काडी चघळायला हरकत नाही, पण रोज भरपूर खाल्ल्यानं बीपी चढतं. खडीसाखर मला चालते, कारण तिनं लाळ सुटते.

स्वरतंतूंना सरळ ओल द्यायची असेल तर ती वाफेनंच. दुपारी दहा मिनिटं साध्या गरम पाण्याची वाफ घ्या, त्यात बाम नको. जीपमधून फुफाट्याच्या रस्त्यानं जाताना ओला रुमाल नाकावर धरा. आणि स्टेजवरचा कूलर तोंडावर घेऊ नका, पायांकडं वळवा.

मृदंग, सनई, बासरी

सगळ्यात जास्त घाम मृदंगवाल्याचा जातो आणि त्यालाच हात मोकळा नसतो. निरूपण सुरू झालं की शेजारच्या टाळकऱ्यानं नळी त्याच्या तोंडाशी धरावी. आम्ही हे काम एका पोराकडं कायमचं दिलंय. बाटली मृदंगाच्या धुमेकडं, म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या तोंडाकडं, ठेवू नका, कणीक भिजली की नाद गेला. ओल्या हातानं उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईला शिवू नका. सनई-बासरीवाल्यांनी स्टेजवर फक्त साधं पाणी प्यावं. गोड पाणी तोंडातून पत्तीवर आणि फुंकेच्या छिद्रावर चिकटतं. मुंग्या येतात हा माझा नाही, एका सनईवाल्याचा अनुभव.

बिघडलं तर

भीतीनं तोंड कोरडं पडलं असेल तर पाण्यानं ते सुधारत नाही, कितीही प्या. जिभेची कड दातांनी हलकी दाबा, किंवा कच्ची चिंच डोळ्यासमोर आणा. हसू नका, लाळ सुटते.

ठसका लागला तर माइकवर खाकरू नका. बाजूला व्हा, कोरडंच एकदा जोरात गिळा, मग छोटा घोट. खूण करून गजर लांबवायला सांगा. लोकांना गजर जास्त झाल्याचं कधीच वाईट वाटत नाही.

पोटरीत किंवा बोटांत गोळे येणं, डोकं हलकं होणं, मळमळ, ही थांबायची खूण. बोलणं असंबद्ध झालं, अंग भाजल्यासारखं तापलं, माणूस भोवळला तर तो ऊष्माघात समजा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला, १०८ ला फोन करा, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. माझ्या पोटरीच्या गोळ्यासारखा तो भाव नसतो.

संपल्यावर

गटागटा गार पाणी नको. वजन केलं असेल तर जेवढं घटलं त्याच्या दीडपट पाणी, पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं, सोबत खारट काहीतरी. काट्याची सोय नसेल तर झोपण्याआधी लघवीचा रंग बघा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर ज्येष्ठमध सोडा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

बाटलीची नळी त्याच रात्री गरम पाण्यानं धुऊन उलटी टांगा. साखरेचं पाणी रात्रभर राहिलं की आत काळी बुरशी धरते.

बाटलीत उरलेलं पाणी मी मात्र मंडपाबाहेर ओतत नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हापासून ती सवय गेली. तुळशीला नाहीतर वासराला घालतो. साखरमिठाचं असेल तर स्वतःच संपवतो, कारण सप्ताहात पहाटे चारला काकडा असतो आणि त्या वेळी घसा रात्रीपेक्षाही कोरडा असतो. उशाशी एक तांब्या भरून, झाकून ठेवायचा, आणि उठल्यावर पहिला शब्द बोलायच्या आधी त्यातला पेलाभर प्यायचा.